पन्नास दिवसांची वही : ईस्टरनंतर घरीदारी उपकारस्मरण कसे करावे

ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक कॅथलिक घरांत ईस्टर सोमवारी सकाळी संपतो. चाळीस दिवस प्रायश्चित्तकाळ, दर शुक्रवारी क्रूसाची वाट, पवित्र आठवड्यात चर्चच्या फेऱ्या, शनिवारी रात्रीचे जागरण, रविवारचे जेवण. आणि सोमवारी पुन्हा स्टेशनचा जिना. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र ईस्टर एका दिवसाचा नाहीच. पुनरुत्थान रविवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा तो एकच सण आहे, प्रायश्चित्तकाळाहून दहा दिवस मोठा. २०२७ मध्ये तो २८ मार्च ते १६ मे असा येतो. म्हणजे मुलांचे निकाल, सुट्टी, आंबे, उकाडा, पाण्याची ओढाताण, सगळे त्यातच. उपासाची शिस्त आपल्याला अंगवळणी पडलेली असते. सणाची कुणी लावलेली नसते. ती कशी लावायची, ते इथे आहे.

आधी शब्द नीट घेऊ. कृतज्ञ म्हणजे 'कृत' जाणणारा, आपल्यासाठी कुणी काय केले ते ज्याला ठाऊक आहे तो. त्याच्या उलट कृतघ्न, म्हणजे केलेले मारून टाकणारा. तेव्हा कृतज्ञता ही आधी माहिती आहे, भावना नंतर. मन भरून येण्याची वाट पाहत बसले तर पन्नास दिवस कोरडे जातात. माहिती गोळा करायला लागले की मन मागून येते; कधी येतही नाही, तरी काम अडत नाही. मराठी बायबलमधला 'उपकारस्मरण' हा शब्द म्हणूनच चोख आहे. करायचे ते स्मरण.

वही

एक साधी रेघांची वही घ्या आणि आधीच १ ते ५० आकडे घालून ठेवा. रोज एकच ओळ लिहायची, आणि तिच्यात तीन गोष्टी हव्यात: कुणी, काय, केव्हा. 'आरोग्यासाठी देवाचे आभार' ही ओळ चालणार नाही, कारण ती कुठल्याही दिवशी, कुणालाही लिहिता येते. 'पहाटे पाचला टाकीत पाणी सोडणारा वॉचमन, आज पंप बिघडला तेव्हा सगळ्या मजल्यांवर सांगत फिरला' ही चालेल. नाव ठाऊक नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी विचारून भरा. चार-पाच वर्षे रोज गेट उघडणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, हे वहीच पहिल्यांदा दाखवते.

नाव पुन्हा येऊ द्यायचे नाही. या एका नियमावर सगळी गंमत आहे. आई, नवरा, बायको, भावंडे, शेजारी, फादर, बॉस असे करत दहा-बारा दिवसांत ओळखीची माणसे संपतात. बहुतेकांची वही तिथेच बंद पडते आणि खरे काम तिथूनच सुरू होते. तेराव्या दिवशी डोळे उघडे ठेवून बाहेर पडावे लागते: ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलचा मोटरमन, रक्त काढताना सुई न दुखवणारी लॅबमधली मुलगी, वाशीच्या मार्केटमधून रात्री भाजी उचलून सकाळी दारात आणणारा. मोटरमनचे नाव कळणार नाही; तिथे गाडी आणि वेळ लिहा.

लिहायची वेळ रात्रीच्या जेवणानंतर, पण अंथरुणाला पाठ टेकण्याआधी. फोनमध्ये लिहू नका. ओळ लिहायला उघडलेला फोन पाऊण तासाने बंद होतो आणि ओळ राहूनच जाते. एखादा दिवस चुकला तर तो आकडा तसाच कोरा ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहून हिशेब जुळवला की वही गृहपाठ होते.

शनिवारी रात्री सात ओळी मोठ्याने वाचायच्या. त्याला बायबलमधल्या स्तोत्र १३६ ची पद्धत उत्तम. त्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीला एकच पालुपद: त्याची दया सनातन आहे. एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचे. दोन-तीन मिनिटांत होते. 'लिफ्ट दुरुस्त करून गेलेले काका' याच्यापाठोपाठ 'त्याची दया सनातन आहे' म्हणताना मुले हसतील. हसू द्या. मूळ स्तोत्रही आकाश आणि सूर्य-चंद्रापासून निघून फारो, सीहोन, ओग असे राजे ओलांडत शेवटी सर्व देहधाऱ्यांच्या अन्नापर्यंत येते. त्यात लिफ्टला जागा आहे.

रात्रीची दहा मिनिटे

ज्यांना ओळीपेक्षा जास्त हवे त्यांच्यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली विवेक-तपासणी आहे. तिच्या पाच पायऱ्या: मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार, स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाशाची मागणी, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमा, आणि उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. दहा-बारा मिनिटे पुरतात. त्यातली तीन पहिल्या पायरीला द्या.

क्रम बदलू नका. आपल्याकडे तपासणी म्हटले की लोक थेट चुकांवर जातात, मग पाच मिनिटांत स्वतःवर चिडतात किंवा घरच्यांवर. आभार आधी ठेवले की दिवस कुणीतरी दिलेला म्हणून दिसतो, आणि मग चुकाही त्या देणाऱ्यासमोर दिसतात. आडवे होऊन करू नका, तिसऱ्या पायरीला झोप लागते. ताठ पाठीची खुर्ची, दिवा मंद, फोन दुसऱ्या खोलीत. एका खोलीचे घर असेल तर गॅलरी, नाहीतर जिन्याची पायरी.

आभारांची एक जात मात्र शुभवर्तमानातच नापास झालेली आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो: इतर माणसांसारखा मी नाही म्हणून. 'फुटपाथवरची माणसे बघा, आपण किती सुखी' ही शिकवण मुलांना देताना आपण नेमके तेच करतो. दुसऱ्याच्या कमीपणावर उभे राहिलेले उपकारस्मरण वहीतून खोडा.

लोकलमध्ये

ईस्टरकाळात दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेऐवजी 'रेजिना चेली' म्हणतात, स्वर्गाच्या राणीला 'आनंद कर, आलेलुया' असे सांगणारी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा अशा तिच्या वेळा. एक मिनिटही लागत नाही. बाराचा गजर फोनवर थरथरता ठेवा, आवाजाचा नको. ही प्रार्थना परंपरेने उभ्यानेच म्हणतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला गाडीत बसायला मिळाले नाही तरी ते पथ्यावर पडते.

गर्दीत जपमाळ हातात धरता येत नाही, तुटते किंवा कुणाच्या बॅगेला अडकते. दहा टोकांची रोझरीची अंगठी मिळते. ती बोटात फिरवत एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, साधारण चार मिनिटांत होते, पाच दशके वीस मिनिटांत. ठाण्याहून वाशी गाठेपर्यंत पूर्ण होऊन थोडा वेळ उरतो. जपताना ज्यांवर मनन करायचे त्यांपैकी गौरवाची, म्हणजे पुनरुत्थानापासूनची, रहस्ये बुधवारी आणि रविवारी. प्रत्येक दशक वहीतल्या एका माणसासाठी म्हणा, म्हणजे मन उगाच स्टेशने मोजत नाही.

प्रवासासाठी लूकचा चोविसावा अध्याय जवळचा. दोन शिष्य यरुशलेमहून एम्माऊस गावाला निघालेत, सुमारे अकरा किलोमीटर, साधारण ठाण्याहून विक्रोळी. त्यांना वाटेत भेटलेला येशू ओळखू येत नाही. तो पहिल्यांदा काय करतो? विचारतो की काय बोलत चालला आहात. आणि ते आभार मानत नाहीत. आपली फसलेली आशा सांगतात. म्हणून ऑफिसातून परतताना मन कडू असेल तर ओढूनताणून धन्यवाद म्हणू नका. गाडी सुटल्यापासून ऐरोली येईपर्यंत तक्रार सांगा, स्पष्ट, देवाला उद्देशून. पुढची पाच मिनिटे गप्प. दिवसातले चांगले त्यानंतर आठवले तर आठवेल. त्या शिष्यांनाही सोबतचा येशूच होता हे मुक्कामी पोहोचून त्याने भाकर मोडल्यावरच कळले.

घरातला कोपरा : पाणी आणि मेणबत्ती

ईस्टरच्या जागरणाला आशीर्वादित केलेले पाणी घरी आणायची पद्धत आहे. अर्ध्या लिटरची स्वच्छ बाटली पुरे. पाच लिटरचा कॅन नेणारेही असतात, त्याचे पुढे काय होते ते मोरीखाली बघावे. दाराशी छोट्या वाटीत थोडे पाणी ठेवा. बाहेर पडताना बोट बुडवून क्रूसाची खूण करायची, लहान मुलांच्या कपाळावर आईबापांनी करायची. ती खूण बाप्तिस्म्याची आठवण आहे, दृष्ट काढणे नव्हे.

इथे व्यवहाराची गोष्ट. आपल्या हवेत उघड्या पाण्यात आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. वाटी दर शनिवारी रिकामी करा, आतून घासा, पुसा, नवे पाणी भरा. उरलेले कुंडीत किंवा मातीत ओता, गटारात नाही. बाटली झाकून, उन्हापासून दूर.

कोपऱ्यात पांढरे कापड, क्रूस किंवा पुनरुत्थित ख्रिस्ताचे चित्र आणि एक मेणबत्ती. घरात बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपून ठेवली असेल तर तीच, नसेल तर साधी. रोज वही लिहिताना पाच मिनिटे लावली तरी पन्नास दिवसांत चार तासांवर जळते, तेव्हा ती जाड घ्या. पंख्याखाली बारीक मेणबत्ती एका बाजूने वितळते आणि कापड खराब होते. काचेच्या ग्लासात उभी केली की प्रश्न मिटतो. झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, झावळी क्रूसामागे ठेवायची असेल तर पावसाळ्याआधी उतरवा, नाहीतर बुरशी धरते. कोरड्या डब्यात ठेवून पुढच्या राखेच्या बुधवारच्या, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधी चर्चमध्ये परत द्या. राख अशाच झावळ्यांची करतात.

अंडी : देण्याचा भाग

पूर्वी प्रायश्चित्तकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला ती भेट म्हणून आली. आपल्याकडे मार्झिपानची, म्हणजे काजूची. बेकरीतून आणलेले अंडे आपल्याच मुलांनी खाल्ले की सण झाला, पण उपकारस्मरण झाले नाही. घरी केली तर वीस-बावीस जणांना देता येतात.

काजू २५० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, एका अंड्याचा पांढरा भाग, एक चमचा गुलाबपाणी, बदाम इसेन्सचे दोन-तीन थेंब. काजू फ्रिजमधले असतील तर तासभर बाहेर काढून ठेवा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटते आणि पिठाऐवजी लगदा होतो. हा बिघाड सुधारत नाही. पीठ चाळा. सगळे जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ढवळा. गोळा कडा सोडू लागला की चिमूटभर घेऊन गोळी करा. बोटाला चिकटली तर आणखी दोन मिनिटे. भुरभुरली तर जास्त झाले, चमचाभर दूध घालून मळा. ओलसर कापडाखाली निववा, रंग घालून मळा, साच्यांना तुपाचे बोट लावून दाबा, पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. मग घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

शेजारी शाकाहारी असतील तर अंड्याचा पांढरा न घालता तितकेच दूध घाला, आणि साचा फुलाचा वापरा. आतला पदार्थ चालत असला तरी अंड्याचा आकार पाहून काहींना खाववत नाही, आणि ते बोलून दाखवत नाहीत. दुधाचे तीन-चार दिवसांत संपवायचे. कुणाचे चैत्री नवरात्र चालू असेल तर आधी विचारा. मिठाईऐवजी दोन हापूस दिले तरी चालते.

प्रत्येक पाकिटावर नाव आणि वहीतले वाक्य लिहा. 'हॅपी ईस्टर' नको. 'ताई, पावसात मुलाला शाळेच्या गाडीतून उतरवून घेतलेत, ते लक्षात आहे' असे. पन्नास दिवसांचा सण असल्याने सगळी पाकिटे रविवारीच वाटायची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलेले पाकीट जास्त लक्षात राहते.

घरकाम करणाऱ्या बाईंना अंडे देऊन पगार दहा तारखेला देणाऱ्यांसाठी एक वाक्य पुरे: मजुराची मजुरी बुडवणे हे चर्चच्या धर्मशिक्षणात स्वर्गापर्यंत आक्रोश करणाऱ्या पापांत मोजले आहे. पहिल्या तारखेला पूर्ण पगार, ईस्टरची भरपगारी सुट्टी, मग मार्झिपान.

न्याहारी

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परततात. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. पुनरुत्थित प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. जाळ्यात १५३ मासे निघतात, पण न्याहारी त्याआधीच तयार असते. खाडीकाठच्या चेंदणी कोळीवाड्याच्या गावात या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

करायचे ते असे: ईस्टरकाळातल्या एका रविवारी, जो कधी स्वयंपाक करत नाही त्याने सगळ्यांची न्याहारी करायची, आणि रोज करणारीने बसायचे. पाव आणि तव्यावर भाजलेले सुके बोंबील, कांदा, लिंबू. बोंबील आधी पाण्यातून काढा, वाळू राहते. मंद तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परता. खिडकी उघडी, दरवाजा बंद, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा. जमत नसेल तर ऑम्लेट. बसलेल्या माणसाने उठून चूक दाखवायची नाही, हा यातला अवघड नियम आहे. भांडी घासणे न्याहारीतच धरायचे.

बाप्तिस्म्याची तारीख

ईस्टरला आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो, पण तो कुठल्या दिवशी झाला हे बहुतेकांना सांगता येत नाही. पोप फ्रान्सिस ही तारीख शोधायला वारंवार सांगत असत. जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या कार्यालयात नाव, आईवडिलांची नावे आणि जन्माचे वर्ष घेऊन जा. नोंदवहीत तारीख, धर्मगुरूचे नाव, गॉडफादर-गॉडमदरची नावे असतात. ईस्टर सोमवारी कार्यालय बंद असण्याची शक्यता धरा. दुसऱ्या आठवड्यात जा. ती गॉडमदर हयात असेल तर वहीतली एक ओळ तिची.

ठाण्यात राहणाऱ्याने एक ओळ जुन्यांसाठी ठेवावी. एप्रिल १३२१ मध्ये याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू मारले गेले: तोलेन्तीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रिउस. त्यांचा सोबती जॉर्डानुस याने त्यांची पार्थिवे सोपाऱ्याला नेऊन पुरली. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधीची ही गोष्ट.

घरात दुःख असेल तेव्हा

नुकताच कुणी गेला असेल, नोकरी सुटली असेल, रिपोर्ट वाईट आला असेल, तर वरचे बरेचसे बाजूला ठेवा. पौलाने थेस्सलनीकाकरांना 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असे लिहिले. मरणाबद्दल, आजाराबद्दल आभार माना असे ते वाक्य म्हणत नाही. 'देवाची इच्छा, आभार मान' हे सांत्वनाला गेलेल्याने तोंडातून काढू नये. स्तोत्र १३ 'कुठवर' या प्रश्नाने सुरू होते आणि स्तुतीवर संपते. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, आणि तेही प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमाला येशूने दाखवलेल्या शरीरावर जखमा होत्याच. अशा घरात वहीची ओळ एवढीच पुरे: आज कोण डबा घेऊन आले.

मिस्सेत

मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, दुसरे नाव युखारिस्ट; हा मूळ ग्रीक शब्दच आभाराचा. रविवारी जाताना वहीतले एक नाव मनात धरा आणि अर्पणाच्या वेळी, भाकर व द्राक्षारस वेदीवर जाताना, ते तिथे ठेवा. त्यानंतर धर्मगुरू अंतःकरणे उंचावायला सांगतात आणि प्रभूचे आभार मानायला बोलावतात. आपण ते योग्य आहे असे उत्तर देतो. हे उत्तर सवयीने निसटते. त्या क्षणी नाव आठवा. ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटे डोळे मिटून बसा. समारोपाच्या आशीर्वादाआधी गाडी काढायला पळणाऱ्यांचा पार्किंगचा त्रास समजू शकतो, पण येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत फिरला, ती गोष्ट हीच.

त्या एकाप्रमाणे परत फिरणे हा पेन्टेकॉस्टच्या आधीच्या आठवड्याचा कार्यक्रम. वहीतल्या तीन ओळी निवडा, ज्यांना आपण अजून काही बोललो नाही अशा. समोर जाऊन सांगा, फोनवर नाही. दोन वाक्ये: तुम्ही अमुक केलेत, त्याने माझे तमुक झाले. पैसे देऊ नका, सेल्फी काढू नका, पाच मिनिटांत निघा. माणूस बदली होऊन गेला असेल तर त्याच्या जागी आलेल्याकडून त्याचा नंबर मिळतो का बघा. पेन्टेकॉस्टनंतर चर्चमधली पास्काची, म्हणजे ईस्टरच्या जागरणाला पेटवलेली, मेणबत्ती वेदीजवळून हलवून बाप्तिस्म्याच्या कुंडाशी ठेवतात. घरातलीही त्याच रात्री उचला, मेण खरवडून ग्लास धुवा, आणि वहीवर वर्ष घालून ती दिनदर्शिकेच्या मागे अडकवा, पुढच्या राखेच्या बुधवारी सापडेल अशी.